फुप्फुसाचा कर्करोग आणि रोजची गोळी: तुम्ही दिवस कसे काढता?

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री ९:४०

सोमवारी शाळा उघडतेय आणि मंगळवारी माझा सीटी आहे. दरवेळी स्कॅनच्या आधीचा आठवडा असाच जातो, रात्री दोनला जाग येते. आज ठरवलं, तुम्हाला विचारायचंच.

वय ५३, सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका. फुप्फुसाचा कर्करोग, चौथा टप्पा. विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, घरातही ओढणारं कुणी नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी खोकला सुरू झाला. खडूची धूळ असेल म्हणून महिनाभर ज्येष्ठमध चघळत काढला. मग एक्स-रे काढला, तर डाव्या बाजूला डाग. थुंकीत जंतू नाहीत, टीबीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह, तरी टीबीच असणार म्हणून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू झाल्या. लघवी नारिंगी व्हायची, वजन उतरत होतं आणि मी मात्र एकही डोस न चुकवता गोळ्या घेत होते. असे पाच महिने गेले. पाचव्या महिन्यात शाळेचा जिना चढवेना. फुप्फुसाभोवती पाणी भरलं होतं. सव्वा लिटर निघालं, लालसर. त्या पाण्याच्या तपासणीत अॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार, निघाला.

आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो, हे मला समजतं. तरी त्या पाच महिन्यांचा राग गेलेला नाही. म्हणून आधी हे लिहिते: जंतू सापडलेच नसतील आणि एकेटीवर दोन महिन्यांत खोकला हलत नसेल, तर सीटी आणि बायोप्सीसाठी डॉक्टरांच्या मागे लागा.

म्युटेशन टेस्टचा, म्हणजे गाठीच्या जनुकांत काय बदल झालाय त्या तपासणीचा, रिपोर्ट यायला १६ दिवस लागले. ‘ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन.’ तो वाचून डॉक्टरांचा चेहरा खुलला. चौथ्या टप्प्याच्या बाईचा रिपोर्ट वाचून कुणाला आनंद का व्हावा, मला कळेना. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे एक गोल काढला. म्हणाले, ही पेशी, तिच्या भिंतीवर वाढीचा निरोप घेणारं हे बटण, म्हणजे ईजीएफआर. तुमच्या गाठीत ते दाबलेलंच राहिलंय. ही गोळी नेमकी तिथे जाऊन बसते.

ऑसिमर्टिनिब, ८० मिलिग्रॅम, रोज एक. तिसऱ्या आठवड्यात खोकला थांबला. त्या रात्री घरात कुणालाच झोप लागली नाही. इतक्या महिन्यांची त्या आवाजाची सवय झाली होती.

आज १९ महिने झाले. केस गेले नाहीत, वजन भरलं, वर्ग घेते. त्यामुळे सगळे म्हणतात, “बाई, बऱ्या झालात की!” हळदीकुंकवाला, बँकेत, शिक्षक संघाच्या सभेत, सगळीकडे हेच. मी हसून मान हलवते आणि घरी आल्यावर त्रास होतो. कारण तो गेलेला नाही, दबून बसलाय. कधीतरी या गोळीलाही तो वाट काढणार, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. माझं वर्ष आता तीन-तीन महिन्यांच्या चार तुकड्यांचं झालंय. पुतणीच्या लग्नाची तारीख काढताना मी मनात स्कॅनची तारीख मोजत होते.

ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांना विचारते. दोन स्कॅनच्या मधले दिवस कसे काढता? लोकांना काय सांगता? आणि गोळी चालेनाशी झाली तेव्हा पुढे काय झालं? हा शेवटचा प्रश्न विचारताना हात थांबतोय, पण तोच मुख्य आहे.

---

रानवारा | १४ जून, रात्री ११:०५

ताई, नमस्कार. मी बाबांबद्दल लिहितो. वय ६४, बुलडाणा जिल्ह्यात कोरडवाहू शेती, कपाशी आणि सोयाबीन. बाबांनी तीस वर्षं विडी ओढली, म्हणून गावात सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता. आधी दाखवलं त्या डॉक्टरांनीही म्युटेशन टेस्ट नको म्हटलं, विडीवाल्यात काही सापडत नाही म्हणाले. आम्ही परळला टाटात गेलो. तिथे टेस्ट झाली आणि एल८५८आर, म्हणजे ईजीएफआरमधलंच दुसरं म्युटेशन, सापडलं. ओढणाऱ्यांमध्ये कमी सापडतं, पण सापडतं. कुणाच्याही घरी अॅडेनोकार्सिनोमा निघाला तर माणूस ओढत होता की नाही हे न पाहता टेस्ट कराच, एवढं मी हात जोडून सांगतो.

बाबांना ईजीएफआरवरचीच जेफिटिनिबची गोळी आणि सोबत केमो असं दोन्ही दिलं. मला वाटलं, गोळी आहे तर केमो कशाला? तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी टाटातच झालेला ३५० रुग्णांचा अभ्यास सांगितला. नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो दिली तर १६ महिने. गंभीर त्रासाचं प्रमाण मात्र दुप्पट, २५ टक्क्यांच्या जागी ५१. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय बाबांवर सोडला. बाबा म्हणाले, “पेरलं तर निंदाई करावीच लागते.” चार केमो झाल्या, मग पेमेट्रेक्सेड चालू ठेवलं. रोज फॉलिक अॅसिडची गोळी आणि नऊ आठवड्यांनी बी-१२चं इंजेक्शन.

राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत होतो. तिथे संध्याकाळी ओट्यावर बसलं की पूर्ण महाराष्ट्र भेटतो, बंगाल-बिहारही भेटतो. कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, रक्ताचा रिपोर्ट किती वाजता मिळतो, हे मला तिथल्या बायांनी शिकवलं. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, हेही तिथेच कळलं. त्याआधी आम्ही तीन वेळा पूर्ण पैसे भरून आलो होतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उद्या लिहितो. सध्या बाबा जागे आहेत आणि कोणाला लिहितोयस म्हणून विचारतायत.

---

अनामिक_१२ | १५ जून, सकाळी ८:१५

माझ्या आईला गेल्याच आठवड्यात ईजीएफआरवरचीच एर्लोटिनिब गोळी सुरू झालीय. तिला पित्ताचा त्रास, म्हणून सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेते. मावशीने कुठलातरी काढाही आणून दिलाय. चालेल ना? डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं आणि पुढची तारीख महिन्याने आहे.

---

खलबत्ता | १५ जून, सकाळी १०:३०

@अनामिक_१२, मी कॅन्सर रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. इथे कुणाचा उपचार ठरवणार नाही, पण हे थांबण्यासारखं नाही म्हणून लिहिते. आजच रुग्णालयात फोन करा, महिना वाट पाहू नका.

जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं. पित्ताची गोळी आम्ल कमी करते, मग औषध रक्तात कमी उतरतं. आपल्याकडे पँटोप्राझोल पाण्यासारखं घेतलं जातं आणि ते औषध आहे असं कुणाला वाटतच नाही, त्यामुळे विचारलं तरी सांगितलं जात नाही. ऑसिमर्टिनिबला हा अडसर नाही. एर्लोटिनिब उपाशीपोटी घ्यायची असते, जेवणाआधी निदान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. काढ्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, यकृताचे आकडे वाढले तर दोष गोळीचा की काढ्याचा हे ठरवता येत नाही. मावशींचं मन न दुखवता तो बाजूला ठेवा. ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात, त्याच कुळातलं आपलं पपनसही टाळलेलं बरं.

कृष्णाकाठताई, तुमच्या एकेटीवरून आठवलं. रिफाम्पिसिन, म्हणजे लघवी नारिंगी करणारं औषध, यकृताला या गोळ्या फार वेगाने मोडायला लावतं. सोबत घेतली तर गोळीची रक्तातली पातळी खूप खाली येते. ज्यांना खरोखरच टीबी आणि हा आजार दोन्ही आहेत, त्यांच्या दोन्ही डॉक्टरांचं आपसात बोलणं झालंच पाहिजे. दोन वेगळ्या फायली, दोन वेगळ्या इमारती आणि मधे रुग्ण एकटा, असं मी अनेकदा पाहिलंय.

---

मोगरा | १५ जून, दुपारी ३:२०

मी एएलकेवाली, म्हणजे माझ्या गाठीत ईजीएफआर नाही, एएलके नावाच्या दुसऱ्या जनुकात बदल आहे. पुणे, वय ३८. निदान झालं तेव्हा ३४ वर्षांची होते, मुलगा अडीच वर्षांचा. पाठ दुखत होती, त्याला उचलून घेते म्हणून असेल असंच सगळे म्हणाले. एमआरआयमध्ये मणक्यात गाठ दिसली, मग मेंदूत पाच बारीक ठिपके, आणि मूळ फुप्फुसात. खोकला एक दिवसही नव्हता.

अॅलेक्टिनिब घेते. सुरुवातीला सकाळी चार कॅप्सूल, रात्री चार, जेवणासोबतच. मेंदूतल्या ठिपक्यांना रेडिएशन न देता आधी गोळीचा परिणाम पाहू म्हणाले, कारण हे औषध मेंदूपर्यंत चांगलं पोचतं. आठ आठवड्यांनी पाचातले चार दिसेनासे झाले होते. आता चार वर्षं होतील.

त्रास वेगळे आहेत. तुम्हा ईजीएफआरवाल्यांना जुलाब, मला बद्धकोष्ठ. वजन अकरा किलो वाढलं, आणि “छान भरलीस” हे ऐकताना माझ्याही पोटात कालवतं, ताई. सुरुवातीला मांड्या अशा दुखायच्या की भारतीय बैठकीच्या संडासातून उठता येत नव्हतं. रक्तात सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, वाढलं होतं, थोडे दिवस औषध थांबवून डोस कमी केला. उन्हात त्वचा लगेच भाजते, एप्रिल-मेमध्ये पूर्ण बाह्या आणि छत्री.

लोकांना काय सांगायचं? ऑफिसात एका मॅनेजरला आणि एका मैत्रिणीला माहीत आहे, बस. सासरी सगळ्यांना सांगितलं होतं, त्याचा पश्चात्ताप होतो. प्रेम करतात सगळे, पण मी खोलीत शिरले की आवाज बदलतात. मुलाला मात्र सांगितलंय. तो सहा वर्षांचा आहे. म्हणाला, “तुझ्या आत वाईट पेशी आहेत आणि कॅप्सूल त्यांना झोपवतात.” मी त्याला असं सांगितलं नव्हतं, त्यानेच जुळवलं. एकदा रात्री मी डोस विसरले तर तो अंथरुणातून उठून डबी घेऊन आला. एवढ्याशा मुलावर हे ओझं पडावं का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आम्ही दुसरं मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. हे कुठे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

---

उमेद | १५ जून, संध्याकाळी ६:००

सगळ्यांना सलाम. फक्त एकच सांगेन, मन खंबीर ठेवा. सकारात्मक विचार असतील तर कुठलाही आजार हरतो. रोज सकाळी स्वतःला ‘मी पूर्ण बरी आहे’ असं सांगा.

---

सांजवात | १५ जून, रात्री १०:५०

उमेद, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे दिसतंय. पण मला यावर बोलायला हवं.

या धाग्यावर लिहावं की नाही, कालपासून विचार करतेय. माझे यजमान गेल्या भाद्रपदात गेले. ईजीएफआर, ऑसिमर्टिनिब, २६ महिने. ते शेवटपर्यंत सकारात्मक होते. त्यांच्याइतका खंबीर माणूस मी पाहिला नाही. आजार वाढला तेव्हा त्यांनी मला विचारलं, “माझ्या मनात कधी शंका आली होती, त्याने तर झालं नसेल ना?” ज्या माणसाने एक दिवस कुरकुर केली नाही, त्याला शेवटी स्वतःचं मन दोषी वाटावं, हे मी विसरू शकत नाही. गाठीतल्या पेशी बदलल्या म्हणून आजार वाढला. त्यात त्यांच्या मनाचा काहीही दोष नव्हता. कृपा करून कुणा रुग्णाला असं सांगू नका.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्कॅनमध्ये यकृतात गाठी दिसल्या. आधी रक्ताची टेस्ट केली, मग यकृताची बायोप्सी. त्यात कळलं की कर्करोगाने रूपच बदललंय, स्मॉल सेल नावाचा वेगळाच प्रकार झालाय. हे थोड्याच रुग्णांत होतं. तेव्हा गोळीचा उपयोग राहिला नव्हता, वेगळी केमो लागली. चार महिने ती चालली. बायोप्सी केली नसती तर हे कळलंच नसतं, म्हणून पुन्हा सुई नको म्हणून ती टाळू नका.

दुसरं, मॉर्फिन. आम्ही तीन आठवडे उशीर केला. मॉर्फिन म्हणजे आता संपलं, असंच आमच्या मनात होतं. घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, सिस्टरने समजावलं. पहिल्या दिवशीच्या डोसनंतर ते भिंतीला न टेकता बसले आणि वरणभात मागितला. धाप लागते तेव्हाही थोड्या मात्रेत त्याचा उपयोग होतो. ते तीन आठवडे मला परत हवे आहेत.

कपाटात त्यांच्या १७ गोळ्या उरल्यात. इतक्या महागाच्या. टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत. त्यांचं काय करायचं असतं?

---

कृष्णाकाठ | १५ जून, रात्री ११:३०

सांजवातताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. मला हेच कुणी सांगत नव्हतं. वाचून भीती वाटली, पण अंधारात असण्याची भीती होती त्यापेक्षा ही कमी आहे.

मोगरा, तुझ्या मुलाबद्दल: माझ्या वर्गात दरवर्षी एखादं तरी मूल असतं, ज्याच्या घरात मोठं दुखणं असतं. ज्यांना घरी काहीच सांगितलेलं नसतं ती जास्त भेदरलेली असतात. तुझं पिल्लू डबी घेऊन उठतं म्हणजे त्याला काहीतरी करता येतंय. हे मी शिक्षिका म्हणून सांगते, आई म्हणून तुझं मन दुखणारच.

---

खलबत्ता | १६ जून, सकाळी ९:१०

@सांजवात, उरलेल्या गोळ्या हातोहात दुसऱ्या रुग्णाला देऊ नका, तळमळ कितीही खरी असली तरी. मुदत, साठवण, डोस, कशाचीच खात्री राहत नाही. न फोडलेल्या स्ट्रिप असतील तर बिलासकट रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात घेऊन जा, ते घेतात का विचारा. फोडलेल्या असतील तर औषध विभागात परत करा, कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका.

---

रानवारा | १६ जून, दुपारी १:४५

काल लिहायचं राहिलं होतं. बाबांची जेफिटिनिब २० महिने चालली. मग उजव्या बाजूला नवी गाठ दिसली. जेफिटिनिब-एर्लोटिनिबवर आजार वाढतो तेव्हा साधारण अर्ध्या रुग्णांत टी७९०एम नावाचं नवीन म्युटेशन सापडतं आणि त्यावर ऑसिमर्टिनिब चालते, असं सांगितलं. रक्तावरची टेस्ट केली, त्यात सापडलं नाही. आम्ही घरी जायची तयारी केली. डॉक्टर म्हणाले, रक्तात नाही याचा अर्थ गाठीत नाही असा होत नाही, सुईने तुकडा घेऊ. त्या तुकड्यात सापडलं! सांजवातताईंचं म्हणणं मी दुसऱ्या टोकाकडून सांगतोय.

पण मग पैशाचा प्रश्न. जेफिटिनिब जेनेरिक मिळते, महिन्याचा खर्च झेपत होता. ऑसिमर्टिनिबची किंमत ऐकून मी दोन एकर विकायचं मनात धरलं. बाबांनी ऐकलं नाही. म्हणाले, “मी गेल्यावर तुला दोन एकर लागतील, आणि मी राहिलो तर मला लागतील.” जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात या औषधावरचं सीमाशुल्क माफ झालं, नंतर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तरी आमच्यासारख्यांना ते दूरच. शेवटी रुग्णसाहाय्य योजना, दोन ट्रस्ट आणि मुख्यमंत्री सहायता निधी असं जोडून जमवलं. प्रत्येक अर्जाला वेगळं कोटेशन आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याच्या पाच-सहा प्रती आधीच काढून ठेवा. जे नोकरीत आहेत त्यांनी आयकराच्या जुन्या पद्धतीतली गंभीर आजाराच्या उपचारखर्चाची वजावट पाहा, ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठ असतील तर एक लाख.

आता आठवा महिना चालू आहे. बाबा सकाळी गोळी घेऊन बांधावर जाऊन बसतात, आता काम करू देत नाही. फक्त बोटांना चिरा पडल्यात, कापूस वेचायच्या वेळी तर फारच त्रास. यावर काही उपाय?

---

आबोली | १६ जून, दुपारी ४:३०

गोव्यातून लिहिते. आईलाही बोटांच्या चिरा आणि नखाच्या कडेला सूज, पू. मासे साफ करताना खारं पाणी लागलं की जीव जायचा, पण ते काम ती कुणाला देईना. आतून सुती हातमोजे, वरून रबरी, आणि रात्री पेट्रोलियम जेली लावून मोजे घालून झोपायचं, यावर तिची समजूत पटली. पू आला तर मात्र घरचे उपाय नाहीत, डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि अँटिबायोटिक.

---

कृष्णाकाठ | १६ जून, रात्री ८:२०

आज शाळा उघडली. चौथीला २३ मुलं. प्रवेशोत्सवात फुगे फुगवायला मला कुणी सांगितलं नाही, मी दोन फुगवले.

रानवारादादा, बाबांसाठी: नखं सरळ कापायची, कोपरे खोल काढायचे नाहीत. पायाला पुढून मोकळी चप्पल. मी खडू धरायच्या बोटांना कापडी चिकटपट्टी लावते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच क्रीम, साबण सौम्य. चेहऱ्यावर पुरळ येतात त्यांना मुरमाची क्रीम लावू नका, त्वचा आणखी कोरडी होते. मला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि सौम्य स्टिरॉइड मलम दिलं होतं. जुलाबाला ताकभात, पेज, मीठ-साखर पाणी, आणि चारपेक्षा जास्त वेळा झाले तर फोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा कोरडा खोकला किंवा धाप अचानक सुरू झाली तर गोळीनेच फुप्फुसाला सूज आली असू शकते. तसं क्वचित होतं, पण तेव्हा त्याच दिवशी जायचं.

उद्या पहाटे साडेपाचला निघायचंय.

---

मोगरा | १७ जून, सकाळी ६:५०

ताई, आज दिवसभर मोबाइल जवळ ठेवतेय.

---

कृष्णाकाठ | १८ जून, संध्याकाळी ७:१५

रिपोर्ट आला. फुप्फुसातली मूळ गाठ होती तेवढीच. पाणी नाही. मेंदू स्वच्छ. छातीच्या मधल्या भागातली एक गाठ गेल्या वेळी ८ मिलिमीटर होती, ती ११ झालीय. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून आजार वाढला असं म्हणत नाही, मोजण्यातही फरक पडतो. गोळी चालू, पुढचा स्कॅन मात्र तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी. वाढली तर बायोप्सी. मीच आधी विचारलं, “सुई घालाल ना? नुसत्या रक्तावर थांबणार नाही ना?” ते म्हणाले, “तुम्ही हे कुठे वाचलंत?” तुमच्या दोघांचं सांगितलं.

घरी येताना मिरजेच्या पुढे पाऊस लागला. नवरा काही बोलत नव्हता, मीही नाही. मग त्यांनी विचारलं, पुतणीच्या लग्नाला कुठली तारीख सांगू? दोन मुहूर्त आहेत, एक नोव्हेंबरचा, एक फेब्रुवारीचा. मी म्हटलं, मुलीला विचारा, तिला कुठला सोयीचा आहे. तिने फेब्रुवारी सांगितला. तोच कळवलाय.

सांजवातताई, समाजसेवा विभागात एकटीने जाववत नसेल तर मला निरोप पाठवा. शनिवारी शाळा सकाळची असते.